ओट्यावरचा खोकला

माझ्याजवळ एका मेलेल्या बाईचा खोकला आहे. तीनदा खोकलेला, सगळा मिळून सहा-सात सेकंदांचा. संस्थेने दिलेल्या फोनमध्ये तो एका नंबराखाली पडून आहे. नाव नाही, गाव नाही, फक्त तारीख आणि वेळ, सकाळचे साडेदहा. मी तो कितीदा ऐकला ते विचारू नका.

मी आमच्या गावची आशा सेविका आहे. पंधरा वर्षं झाली. महागावच्या पुढे, उमरखेडच्या रस्त्याला लागून गाव, आणि गावापासून पाऊण कोसावर तांडा. गाव कुणब्यांचं, तांडा बंजाऱ्यांचा. दोन्हीकडे कापूस तोच, सोयाबीन तेच, आणि दोन्हीकडची लेकरं मला बघून सारखीच पळतात, कारण मी आले की कोणाला तरी सुई टोचली जाणार असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं आहे. तोंडाची मी फटकळ. सरपंचाला भर सभेत "नाली आधी साफ करा, मग डेंग्यूवर भाषण करा" म्हणून सुनावलेली बाई. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे जे घडलं ते या फटकळ तोंडाने वेळेवर उघडायचं नाकारलं म्हणून घडलं.

तीन वर्षांपूर्वी आम्हा सगळ्या आशांना महागावला बोलावलं. एक संस्था आली होती. शिकवायला एक मुलगी, माझ्या लेकीच्या वयाची, केस मोकळे, मराठी स्वच्छ पुस्तकातली. तिने फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : सर्वांच्या भल्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता. सर्वांच्या भल्याची गोष्ट निघाली की आमचा नाश्ता उशिरा येतो, एवढा अनुभव असल्याने मी शेजारणीला कोपराने ढोसलं. पण मुलगी शहाणी होती. ती म्हणाली, माणसाच्या खोकल्यात त्याच्या फुप्फुसाची खबर असते. आपल्या कानाला ती कळत नाही, पण या फोनमधल्या यंत्राला पुष्कळ माणसांचे खोकले ऐकवून शिकवलंय. माणसापासून हातभर लांब फोन धरायचा, तीनदा पोटातून खोकायला सांगायचं. हिरवा आला तर ठीक. लाल आला तर थुंकी तपासायला पाठवायची, टीबी आहे का बघायला.

"आणि ताई," ती शेवटी म्हणाली, "फोन काहीही म्हणू द्या, तुम्हाला स्वतःला शंका आली तर थुंकी पाठवायचीच." हे तिने दोनदा सांगितलं होतं. मी वहीत लिहून घेतलं होतं. वही अजून आहे.

फोन येण्याआधी माझी रीत वेगळी होती. मी बांगड्या बघायची. बाई वाळायला लागली की तोंडावर उशिरा दिसतं, लुगड्यात तर दिसतच नाही, पण मनगट आधी जातं. भाकरी थापताना बांगड्या कोपरापर्यंत मागे सरकल्या की मी तिथेच बसकण मारायची आणि ताप येतो का, घाम येतो का, जेवण जातं का, असं गोडीत विचारत राहायची. त्या रीतीने मी किती जणी ओळखल्या आणि किती सुटल्या, कोणी मोजलं नाही. फोन आल्यावर वाटलं, बरं झालं, आता आपल्या डोळ्यावरचं ओझं उतरलं.

आणि यंत्र खोटं नव्हतं, हेही सांगायला हवं. आमच्या गल्लीत एक गडी होता. वर्षानुवर्षं खोकायचा, सगळे म्हणायचे बिडीचा खोकला आहे, मीही म्हणायची. एके दिवशी नुसती सवय व्हावी म्हणून त्याच्यापुढे फोन धरला, तर लाल. थुंकीत टीबी निघाला. सहा महिने गोळ्या खाऊन आज तो शेतात डवऱ्यामागे चालतो आणि मी दिसले की "आली फोनवाली" म्हणून चिडवतो. त्या फोनने वाचवलेली अशी माणसं मी रोज रस्त्यात भेटते. फोन वाईट होता असं म्हणून मोकळं व्हायची सोय त्यांनी माझ्यासाठी ठेवलेली नाही.

ती तांड्यातली सून होती. तेवीस-चोवीस वर्षांची, पदरी चार वर्षांची एक पोरगी. दसरा झाला होता, कापसाची पहिली वेचणी चालू होती, आणि दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर ती ऊसतोडीला जाणार होती. म्हणून मी ऊसतोडीला जाणारी सगळी घरं आधी उरकायची ठरवली. घरात गेले तेव्हा ती चुलीपाशी होती. माझी नजर सवयीने हातावर गेली. तिने बांगड्यांना दोरा गुंडाळला होता. चार-चार बांगड्या एकत्र बांधून त्यावर लाल दोऱ्याचे वेढे घातलेले, म्हणजे मनगटातून निसटू नयेत म्हणून. मला तेव्हाच शंका आली.

"खोकला येतो काय गं?"

"येते थोडा, ताई. धुराचा हाय," ती म्हणाली. आवाज चांगला मोकळा होता तिचा. घरात, माझ्यासमोर, चुलीपाशी मोकळा होता.

पण घरात रेंज नव्हती, आणि रेंजशिवाय यंत्र निकाल देत नाही. वर पत्रे, तिन्ही बाजूंनी भिंती. त्या घरात रेंज फक्त एका जागी येते, ओट्याच्या उगवतीकडच्या कोपऱ्यात, आणि नेमकी तिथेच सासऱ्याची बाज टाकलेली असते, कारण बाहेरगावी असलेल्या मोठ्या लेकाचा फोन म्हाताऱ्याला तिथेच लागतो. तो तिथे बसला होता. शेजारचे दोन म्हातारेही होते. मी तिला ओट्यावर आणलं. उंबरा ओलांडताना तिने घुंगट हनुवटीच्या खाली ओढला.

ज्यांना आमच्याकडचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तांड्यातली सून सासऱ्यासमोर तोंड दाखवत नाही आणि आवाज काढत नाही. काही सांगायचं असेल तर सासूमार्फत, नाहीतर लेकरामार्फत. पाणी ठेवते, चहा ठेवते, पण बोलत नाही. जबरदस्ती म्हणावी अशी नसते, अंगवळणी पडलेलं असतं. आमच्या कुणब्यांकडेही फार वेगळं नव्हतं. मी स्वतः माझे सासरे जाईपर्यंत त्यांच्यासमोर कधी हसले नाही.

म्हातारा माणूस वाईट नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे. मी फोन काढलेला बघून त्याने स्वतःहून भिंतीकडे तोंड केलं. सुनेची अडचण त्याला कळली होती. त्याला वाटलं, तोंड फिरवलं म्हणजे पुरे.

मी फोन हातभर लांब धरला. "खोक," म्हटलं. ती खोकली. तो खोकला नव्हताच, देवळात आवाज दाबून घसा साफ करतात तसं काहीतरी होतं. फोन म्हणाला, आवाज कमी आहे, कृपया पुन्हा खोका. ती पुन्हा तशीच खोकली. फोन पुन्हा तेच म्हणाला. शेजारचा एक म्हातारा हसला.

तेव्हा मला एकच करायचं होतं. "बाबा, जरा उठा, निंबाखाली जाऊन बसा," एवढं म्हणायचं होतं. सरपंचाला सुनावणारी मी. पण त्याच्याच ओट्यावरून, त्याच्याच बाजेवरून, दोन पाहुण्यांदेखत त्या माणसाला उठ म्हणायचं माझ्या जिवावर आलं. मी फोन हातभर लांब ठेवायचा सोडून घुंगटाच्या आत, तिच्या ओठांपाशी नेला. तिथे तो दबलेला खोकलासुद्धा फोनला पुरेसा मोठा लागला. तीन झाले. फोन हिरवा झाला.

हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. माझ्यासमोर दोरा गुंडाळलेलं कांकण होतं आणि मी आरसा बघत बसले. थुंकीची डबी माझ्या पिशवीत होती. पण तिला घेऊन महागावला कोण जाणार, घरी वेचणी, आणि हिरवा तर आलाच आहे. घुंगटाआडून ती माझ्याकडे बघत होती का, हे मला दिसलं नाही. म्हाताऱ्याने भिंतीकडून तोंड वळवलं आणि विचारलं, "काय म्हनते मशीन?" मी म्हटलं, "हिरवं आहे, बाबा." तो म्हणाला, "बरं झालं."

ती होळीच्या आधी परत आली. उसाच्या फडावरून नवऱ्याने तिला गाडीत घालून आणलं. खोकल्यातून रक्त पडत होतं. आमच्या बाजूचे लोक मोठ्या दुखण्याला यवतमाळपेक्षा नांदेडला जातात, तसं तिला नांदेडला नेलं. टीबीच निघाला. आठ दिवस होती, मग गेली. मी भेटायला जाणार होते, गेले नाही. कामं होती असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला तिच्या हातांकडे बघायची भीती वाटत होती.

मातीला मात्र गेले. म्हातारा ओट्यावर त्याच बाजेवर बसला होता. मला बघून त्यानेच माझी समजूत काढली. "तुमी काय करान, बाई? तुमी त तपासलं होतं. मशीनीनं हिरवं सांगतलं. तिचं नशीबच लाल होतं." शेजारचे म्हातारे माना डोलवत होते. त्या घरात कोणी मला एक वाईट शब्द बोललं नाही. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी आज हे लिहीत बसले नसते.

नंतरच्या बैठकीत महागावला विचारलं, त्या केसमध्ये तपासणी कशी झाली. मी म्हटलं, "शिकवलं तशीच केली." वहीत खूण झाली आणि पुढचं गाव आलं.

त्यानंतर खोकला माझ्या मागे लागला. दिवसाढवळ्या लागला. दळण दळायला गेले तर चक्कीच्या पट्ट्याच्या फटफटीमध्ये तो ऐकू यायचा, तीनदा, दबलेला. काळीपिवळी जीपमध्ये मागच्या बाकावर एखादी बाई पदर तोंडाला लावून घसा साफ करायची आणि माझा हात आपोआप पिशवीत जायचा. शेवटी मी फोनमधला तो नंबर शोधून काढला आणि ऐकला. वाटलं होतं, एकदा खराखुरा ऐकला की मनातला थांबेल. थांबला नाही. उलट आता मला त्यात जास्त ऐकू यायला लागलं. पहिल्या खोकल्याच्या आधी तिने श्वास घेतलेला आहे, चांगला खोल, पोटातून, मी सांगितला तसा. श्वास पूर्ण घेतला आणि खोकला अर्ध्यात अडवला. बिचारीने माझंही ऐकलं आणि सासऱ्याचा मानही ठेवला.

पावसाळ्यात त्याच तांड्यात दुसऱ्या एका घरी गेले. तीही सून. तोच ओटा म्हणावा असा ओटा, तिथे सासरा नव्हता, चुलतसासरा होता. तिने घुंगट ओढला, घसा साफ केला. फोन म्हणाला, आवाज कमी आहे. आणि मी बघत होते, माझाच हात फोन घेऊन तिच्या तोंडाकडे निघाला होता. मी घाबरले. तेव्हाही "उठा" म्हणायचं धाडस झालं नाही, कबूल करते. मी तिला म्हटलं, चल, मला तुमचं शेत दाखव. शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, बोरीच्या झाडापाशी रेंज होती आणि माणूस एकही नव्हता. "आता खोक," म्हटलं. तिने घुंगट मागे टाकला आणि अशी खोकली की बोरीवरची पाखरं उडाली. फोन लाल झाला. तिची थुंकी त्याच दिवशी गेली, आणि आज ती गोळ्या खाऊन धडधाकट आहे.

मला आनंद व्हायला हवा होता. मी धुऱ्यावर बसून रडले. ती बिचारी मला पाणी देत होती, आणि विचारत होती, "ताई, लाल मले आलं, तुमी कायले रडून राह्यल्या?"

पुढच्या बैठकीला जाताना काळीपिवळीत आम्ही सात-आठ आशा होतो. मी सहज विचारावं तसं विचारलं, फोन आवाज कमी म्हणाला की तुम्ही काय करता?

"काय करतं? जवळ नेतो ना," एक म्हणाली.

"पदराच्या आत धरला का घेते तो," दुसरी म्हणाली.

"माह्या गावात त सगळ्या सुना तशाच खोकतात. बुढे उठतच नाई ओट्यावरून." सगळ्या हसल्या. चांगल्या, कष्टाळू बायका. एकीने तर मला शिकवलं, माईक कुठल्या बाजूला असतो ते बघून धरायचा म्हणजे एकदाच काम होतं. माझ्या डोळ्यांसमोर गावांमागून गावं उभी राहिली, ओट्यांमागून ओटे, आणि प्रत्येक घुंगटाच्या आत एक फोन हिरवा होत होता.

त्या दिवशी मी शिकवणाऱ्या मुलीला सगळं सांगितलं. बैठक संपल्यावर, मागच्या व्हरांड्यात. बांगड्यांचा दोरा, बाज, भिंतीकडे केलेलं तोंड, आणि फोन आत नेलेला माझा हात. बैठकीत मी खोटं बोलले तेही. ती रागावली नाही. मग म्हणाली, "ताई, यंत्राला आम्ही जे खोकले ऐकवले ते दवाखान्यातल्या खोलीत, एकट्या माणसांना बसवून घेतलेले आहेत. सासऱ्यासमोरचा खोकला त्याने कधी ऐकलाच नाहीये."

मला त्या फळ्यावरच्या अक्षरांची आठवण झाली. सर्वांच्या भल्यासाठी. मला कोणाचाच राग आला नाही, आणि मग सगळ्यांचाच आला. त्या सर्वांमध्ये खोकायला मोकळे असलेले सगळे होते. ज्यांना खोकायची चोरी, त्या राहून गेल्या होत्या. आणि ते यंत्र बनवणाऱ्यांना माहीत नव्हतं, त्यांना कसं माहीत असणार. मला माहीत होतं.

मुलगी पुढे म्हणाली, ते रेकॉर्डिंग हवं आहे. असे दबलेले खोकले गोळा करून यंत्राला ऐकवायचे, म्हणजे ते ओळखायला शिकेल, निदान "हा खरा खोकला नाही" एवढं तरी म्हणेल. ज्यांच्या आजाराची खात्री आहे असे फार थोडे आहेत, म्हणून तिचा मोलाचा. पण तिच्या घरच्यांची परवानगी लागेल, आणि ती कशासाठी हे त्यांना नीट समजावून सांगावं लागेल.

नवरा परत ऊसतोडीला गेला होता. त्याला फोन केला, तो म्हणाला, "बाबाले इचारा." म्हणजे ज्या माणसाला हे कधीच कळू नये असं मला वाटत होतं, त्यालाच सांगायचं होतं. तो नशिबावर टाकून शांत बसला होता. त्याची ती शांती माझ्या हाताने काढून घ्यायची होती. मी पंधरा दिवस तांड्याची वाट टाळली. मग एका दुपारी गेले.

तो एकटाच होता. म्हातारी शेतात, नात अंगणात मातीशी खेळत होती. मी बाजेसमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. फोन कसा धरायचा असतो, मी कसा धरला. ती हळू का खोकली. हळू खोकल्याने यंत्र कसं फसलं. सांगताना मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही, त्याच्या पायांकडे बघत होते. वहाणेचा एक अंगठा तुटलेला होता आणि तारेने बांधलेला होता.

"तो आवाज हाय तुमच्याजवळ?" त्याने विचारलं.

"आहे."

"आयकवा."

मी फोन बाजेवर ठेवला आणि वाजवला. श्वास. खोकला. खोकला. खोकला. अंगणात खेळणाऱ्या पोरीने मान वर केली. म्हातारा फोनकडे बघत राहिला.

"हा तिचा आवाज?"

"हो, बाबा."

"सहा वर्सं घरात होती. माह्या कानावर तिचा आवाज कधी आला नाई, बाई. बांगड्याचा येये. बांगड्या वाजल्या का मले समजे, चहा येऊन राह्यला. मंग मागच्या साली तेबी वाजनं बंद झालं. मले वाटलं, नवा रिवाज असन, घालत नसन."

म्हणजे त्यालाही कळलं होतं. मला डोळ्यांनी कळलं होतं, त्याला कानांनी. त्या ओट्यावर आम्ही दोघं होतो, दोघांनाही काहीतरी खटकलं होतं, आणि मध्ये एक फोन हिरवा झाला होता.

मी म्हटलं, "बाबा, माझी चूक आहे. मी तुम्हाला उठा म्हणायला पाहिजे होतं."

त्याने फोन उचलून माझ्या हातात दिला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "म्हनाचं होतं, बाई. मी उठलो असतो."

त्याने कागदावर सही केली. सही येते त्याला, मोठी, थरथरती. दुसरं काही विचारलं नाही. मी उठले तेव्हा म्हणाला, ते अजून एकदा वाजवा. मी वाजवलं.

परवा, म्हणजे या वर्षीच्या वेचणीच्या आधी, फोनमध्ये नवं यंत्र आलं. मी पुन्हा ऊसतोडीला जाणाऱ्या घरांपासून सुरुवात केली. त्या घरात आता धाकट्या लेकाची बायको आली आहे. नवी नवरी, हिरव्या बांगड्या, मनगटावर घट्ट बसलेल्या. तिला मी ओट्याच्या उगवतीकडच्या कोपऱ्यात आणलं. म्हातारा बाजेवर होता, शेजारचे तेच दोघं होते. मी फोन चालू केला आणि खोका म्हणण्याच्या आधी फोन स्वतःच बोलला, त्या पुस्तकी, स्वच्छ मराठीत : "तपासणी सुरू करण्यापूर्वी घरातील मोठ्या व्यक्तींना कृपया दूर जाण्यास सांगावे."

मला जे म्हणता आलं नाही ते आता फोन म्हणतो. असं बोलायला त्याला कोणी शिकवलं हे ओट्यावर आम्हा दोघांनाच माहीत होतं. यंत्राला भीड नाही, त्याला कोणाच्या ओट्याचा मान राखायचा नाही, आणि एवढ्यासाठी मी त्याची आभारी आहे. लाजही वाटते. जिवंत बाईने तोंड उघडायचं ते उघडलं नाही, म्हणून मेलेल्या बाईच्या खोकल्याला ते करावं लागलं.

म्हातारा फोनचं वाक्य पुरं व्हायच्या आत उठला. "उठा रे," शेजाऱ्यांना म्हणाला, "सुनेले खोकू द्या." गुडघे दुखतात त्याचे. काठी टेकत निंबापर्यंत गेला आणि पाठमोरा उभा राहिला. मी हातभर अंतरावर फोन धरला. नव्या सुनेने घुंगट वर केला आणि मोकळी खोकली, तीनदा. हिरवा आला. मी तरीही थुंकीची डबी काढून तिच्या हातात दिली.

एवढ्यात मागे आवाज झाला. मेलेल्या सुनेची पोरगी, आता सहा वर्षांची, दारात उभी होती. आमचा चाललेला खेळ तिलाही खेळायचा होता. तिने फ्रॉकचं टोक दोन्ही हातांनी तोंडावर धरलं, आजोबाकडे एकदा बघितलं, खोल श्वास घेतला, आणि खोकली. दबलेलं, अर्ध्यात अडवलेलं, तीनदा. तेच. सेकंदाचाही फरक नाही.

"फ्रॉक काढ तोंडावरून, बाय," मी म्हटलं. "मोठ्यानं खोक. कोणी नाही इथे." ती नुसती डोळ्यांनी हसली. फ्रॉक तिने काढला नाही.

निंबाखाली म्हाताऱ्याने ते ऐकलं असावं. तो वळला नाही. काठी उचलून पुढे चालायला लागला, निंबाच्या पलीकडे, हापशीच्या पलीकडे, शेताकडे जाणाऱ्या पांदीपर्यंत. तिथे थांबला, आमच्याकडे पाठ करून, आणि तिथूनच ओरडून विचारलं,

"अजून दूर जाऊ काय, बाई?"